घोटा काळानिळा पडलाय? या चुका टाळा

नवरात्रात बडोद्यातली गरब्याची मैदानं अनवाणी पायांनी भरून जातात. गर्दीत मागच्याची टाच घोट्यावर बसते, नाहीतर खाचेत पाय वाकडा पडतो. नाचण्याच्या भरात फारसं जाणवत नाही. सकाळी पाय टेकवताच कळ येते आणि बघावं तर घोटा सुजून जांभळा. मग दांडिया बाजारात असो की रावपुऱ्यात, मराठी घरात कुणीतरी म्हणतंच, "तेल गरम करा, जरा चोळून देते."

माया असते त्यात, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणं आणि शेकणं ही चूकच. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साचलेलं असतं. उष्णतेने तिथला रक्तप्रवाह आणखी वाढतो, चोळल्याने दुखावलेला भाग पुन्हा दुखावतो आणि सूज चढते. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप लावायचाच असेल तर गार लावा, न रगडता, आणि कातडी फाटलेली नसेल तरच. त्यापेक्षा बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट कातडीवर नको, त्यानेही इजा होते. आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवा. खुर्चीत बसून स्टुलावर टाकलेला पाय तेवढा उंच होत नाही. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा. बोटं गार, फिकी किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करा.

"चालता येतंय ना, मग मोडलेलं नाही." या वाक्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. हाडाला बारीक तडा गेला असतानाही माणूस लंगडत चालतो. उलट नुसता मुका मार असूनही पाय टेकवत नाही. म्हणून अंगठ्याने दाबून पाहा. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले नियम आजही जगभर वापरतात. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड आणि टोक, टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखतंय का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे उंचवट्याचं हाड लागतं ते, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दुखतंय का? मार लागल्यावर लगेच चार पावलं टाकता आली नाहीत आणि अजूनही येत नाहीत, असं आहे का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर एक्स-रे काढा. सयाजी हॉस्पिटलला जा किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे, पण उद्यावर ढकलू नका. घोटा वाकडा दिसत असेल किंवा पाऊल बधिर झालं असेल, तर दाबून बघण्यातही वेळ घालवू नका.

मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी या परीक्षेवर विसंबूच नये. त्यांना दुखलेलं कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोटा मारही मोठा पसरतो, तेव्हा डॉक्टरांना विचारा, पण गोळी मनाने बंद करू नका. जुम्मादादा व्यायाम मंदिरात किंवा आणखी कुठे मल्लखांब, कुस्ती करणाऱ्या लहान मुलांची हाडं अजून वाढत असतात. घोट्याजवळचा वाढीचा भाग दुखावला तर वरून ते मुरगळल्यासारखंच दिसतं.

रंगाला मात्र घाबरू नका. साचलेलं रक्त खाली उतरतं, म्हणून तिसऱ्या दिवशी टाच आणि बोटंही काळी दिसतात. पुढे जांभळ्याचा हिरवट, मग पिवळा होतो. ते रक्त जिरत असल्याचं लक्षण आहे. पण पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. तिथे रक्ताची गाठ असू शकते. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखलं, तर तडक इस्पितळ गाठा.

मोडलेलं नाही हे ठरलं की महिनाभर पाय उशीवर ठेवून बसणं ही उलट दिशेची चूक. घोटा आखडतो आणि पुन्हा मुरगळतो. दुखणं सोसवेल तसं दोन-तीन दिवसांनी पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढा, मग भिंतीला धरून एका पायावर उभं राहा. साधा मुका मार दोनेक आठवड्यांत निवतो, हाडांना जोडणारा अस्थिबंध (लिगामेंट) ताणला असेल तर सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. दुखऱ्या पायावर एकट्याने, न दुखता उड्या मारता येईपर्यंत मैदानात उतरू नका.