खताचा डबा उघडण्याआधी: कुंडीतून निथळणारं पाणी मोजायची तयारी

पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास गच्चीवर टोमॅटो, मिरची, वांगी लावायची लगबग सुरू होते आणि सगळ्यात आधी हात जातो तो खताच्या डब्याकडे. तो डबा पंधरा दिवस बाजूला ठेवा. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतलं काय धुऊन नेलं आणि काय मागे राहिलं, हे कुंडीच्या तळातून निथळणारं पाणी सांगतं.

ते विचारायला मी उशीर केला. पुण्याच्या उपनगरात आमच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे. त्यावर वाढवलेल्या लिंबाची कोवळी पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. शेतकरी याला केवडा पडणं म्हणतात. मला वाटलं झाडाला भूक लागली आहे, म्हणून दर आठवड्याला विद्राव्य खत देत गेले. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळाली, मग झाडच गेलं. त्याच कुंडीत नंतर पाणी ओतून मोजलं तेव्हा कळलं, की झाड उपाशी नव्हतंच. मुळांभोवती क्षार साठले होते, आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) इतका चढला होता की मातीतलं लोह मुळांना उचलता येत नव्हतं. त्या लिंबासाठी ही यादी मी आजही दर हंगामाआधी नव्याने करते.

दोन मीटर लागतात, पेनच्या आकाराचे. एक ईसी मोजणारा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज किती वाहते ते दाखवणारा, आणि दुसरा सामू मोजणारा. टीडीएसचा पेन घरात असेल तर तोही चालतो, पण तो मोजतो ईसीच आणि आत गुणाकार करून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो. काही मीटर 500 ने गुणतात, काही 700 ने. म्हणजे 1 मिलिसीमेन्स (1000 मायक्रोसीमेन्स) ईसीचं तेच पाणी एका मीटरवर 500 आणि दुसऱ्यावर 700 दिसतं. गच्चीवाल्यांच्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून वहीत ईसीच लिहा. सोबत मीटर जुळवून घेण्याची द्रावणं आणा: ईसीसाठी 1413 मायक्रोसीमेन्सचं, सामूसाठी 4 आणि 7 च्या आसपासच्या पुड्या. पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. सामूच्या मीटरचं काचेचं टोक कोरडं पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यात बुडवूनही ठेवू नका. त्यासाठी वेगळं साठवण-द्रावण मिळतं, त्याचे चार थेंब टोपणात पुरतात. ईसीचा मीटर मात्र धुऊन कोरडा ठेवला तरी चालतो. बटण सेलची एक जादा जोडी घरात असू द्या.

डिस्टिल्ड पाणी गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं म्हणून मिळतं. विकत घेताना बाटलीवरचं नाव नीट वाचा, कारण शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. घरी आल्यावर आधी त्यात ईसीचा मीटर बुडवा. आकडा जवळपास शून्य यायला हवा; येत नसेल तर ते पाणी या कामाचं नाही.

मग आपलं रोजचं पाणी मोजा, आणि घरात जितक्या प्रकारचं येतं तितकं वेगवेगळं: नळाचं, बोअरचं, टँकरचं. धरणाचं पाणी बहुधा हलकं असतं. दख्खनच्या बेसाल्टमधून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असू शकतात, आणि हे बायकार्बोनेटच महिनोन् महिने कुंडीचा सामू हळूहळू वर ढकलत राहतं. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी फुकट जातं म्हणून झाडांना घालायचा मोह होतो. ते आधी मोजा, मग ठरवा. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मात्र कुंडीला घालूच नका. त्यात कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते, आणि ईसीच्या आकड्यावरून तो फरक कळत नाही.

सगळ्या कुंड्या मोजत बसू नका. तीन-चार निवडा: एक जुनी, एक नव्या मिश्रणाची, एक ज्याबद्दल काळजी वाटते ती. त्यांच्यावर ऑइल पेंटने क्रमांक घाला, मार्करची शाई उन्हात महिनाभरात उडते. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे भोक मोकळं राहील आणि खाली बशी सरकवता येईल. भोकाशी खापरी किंवा नारळाच्या शेंडीचा तुकडा जागेवर आहे ना ते पाहा. पहिल्या निचऱ्याचं थोडं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी गाळाचा जाड थर दिसला तर माती वाहून चालली आहे. ती गच्चीच्या जाळीत जाऊन बसते आणि कुंडी दर महिन्याला बोटभर खाली बसते. कोकोपीट असेल तर पाणी चहासारखं तांबूस येतं, त्याने घाबरू नका. नवं, न धुतलेलं कोकोपीट मात्र आधी दोन-तीनदा भिजवून पिळा आणि ते पाणी मोजा. नारळाच्या काथ्यात मुळातच सोडियम आणि पालाश असतं.

मोजणीच्या दिवशी सकाळी कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तळातून निथळेपर्यंत. मग अर्धा ते एक तास हात लावू नका. बशी रिकामी करून डिस्टिल्ड पाण्याने विसळा आणि पुन्हा खाली ठेवा. आता वरून सगळीकडे सारखं, हळूहळू डिस्टिल्ड पाणी ओता: सहा इंची कुंडीला साधारण 75 मिली, बारा लिटरच्या ग्रो बॅगला 350 च्या आसपास. हे पाणी मुळांजवळचं पाणी खाली ढकलतं, आणि बशीत पडतं ते मुळं पीत होती तेच. बशीत 50 मिली जमलं की पुरे. 70 च्या वर गेलं तर वरचं पाणी त्यात मिसळून आकडा पातळ होतो. लगेच मोजा, तासाभराच्या आत. अमेरिकेतल्या रोपवाटिकांनी ही ओतण्याची पद्धत 1980च्या दशकात रुळवली. मातीला हात न लावता काम होतं, म्हणून ती गच्चीला फार सोयीची आहे.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर. मातीविरहित मिश्रणात या पद्धतीने कमी खाणाऱ्या झाडांना 1 ते 2.6, मध्यम खाणाऱ्यांना 2 ते 3.5 आणि भरपूर खाणाऱ्यांना 2.6 ते 4.6 मिलिसीमेन्स अशी पट्टी धरतात. सामू 5.8 ते 6.2, आणि मिश्रणात माती असेल तर थोडा वर चालतो. पण मला एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त महत्त्वाची वाटते. रोज घालतो त्या पाण्याचा ईसी 0.8 आणि निथळलेल्याचाही 0.9 असेल तर कुंडी रिकामी झाली आहे, खत द्यायची वेळ आली. 2 वरून 3, मग 4 असा आठवड्यागणिक चढत असेल तर खत थांबवा आणि साध्या हलक्या पाण्याने कुंडी धुवा, कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश. धुण्याआधी ते पाणी कुठे जाणार ते बघा. गच्चीच्या उतारावर साचून खालच्या घरात ओल जाऊ नये, आणि नत्र-स्फुरदाने भरलेलं पाणी गटारात सोडण्यापेक्षा बादलीत धरून कर्दळीला घातलेलं बरं. आपल्या नद्यांवरची जलपर्णी त्याच नत्र-स्फुरदावर पोसते.

ईसीला दोन गोष्टी दिसत नाहीत, हे मनात पक्कं असू द्या. एक, युरिया. तो पाण्यात विरघळतो पण आयन देत नाही, त्यामुळे मीटर गप्प राहतो. 19:19:19 या विद्राव्य खतातल्या नत्राचा अर्ध्याहून जास्त भाग युरियाच्या रूपातच असतो, म्हणजे खत घातल्या घातल्या येणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शेणखत आणि गांडूळखतातलं नत्रही कुजत-कुजतच बाहेर येतं. म्हणून खत दिल्यावर दर वेळी तितक्याच दिवसांनी मोजा. दुसरं, ईसी एकूण क्षार सांगतो, त्यात नत्र किती आणि पालाश किती ते सांगत नाही. त्यासाठी पानं बघावी लागतात: जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र, जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश, कोवळ्यांच्या शिरांमध्ये पिवळेपणा आला तर लोह आणि बहुतेक वेळा चढलेला सामू.

पुरती खात्री हवी असेल तर हंगामाआधी एकदा माती प्रयोगशाळेत द्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात चौकशी करा. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म द्रव्यं, सामू, ईसी आणि सेंद्रिय कर्ब असे बारा आकडे असतात. खत दिल्यानंतर लगेच नमुना काढू नका. कुंडीच्या मधल्या खोलीतली अर्धा किलो माती सावलीत वाळवा आणि पिशवीत कुंडीचा क्रमांक घाला. प्रयोगशाळा माती पाण्यात कालवून मोजते, त्यामुळे तिचा ईसी तुमच्या बशीतल्या ईसीपेक्षा बराच कमी येतो. दोन्ही आकडे वहीत वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

वहीत रकाने इतकेच: तारीख, कुंडी, गेल्या खताला किती दिवस झाले, रोजच्या पाण्याचा ईसी आणि सामू, निथळलेल्याचा ईसी आणि सामू, पानांबद्दल एक ओळ. पहिली नोंद खत न घालता घ्या आणि पंधरा दिवसांनी दुसरी. डबा त्यानंतर उघडा.