खोलीचं थिएटर करताय? या चुका टाळा

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, किंवा पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या खोलीत वर्षभर नुसते कपडेच वाळत राहिले, की हल्ली पुण्यातल्या बऱ्याच घरांत एकच विचार निघतो: इथे आपलं छोटं थिएटर करूया. विचार उत्तम आहे आणि कमी पैशांत जमण्यासारखाही आहे. माझी स्वतःची धरून नातेवाइकांच्या, मित्रांच्या दहा-बारा खोल्या मी आजवर मार्गी लावल्यात. पण मला बोलावणं येतं ते खरेदी झाल्यावर. प्रोजेक्टर आलेला असतो, पडद्याचं लांबलचक खोकं भिंतीला टेकवलेलं असतं आणि मग फोन येतो, "जरा येऊन बघतोस का? काहीतरी गडबड वाटतेय."

गडबड बहुतेक वेळा एकच असते. खोलीकडे कोणी नीट पाहिलेलंच नसतं. आधी खोली, मग बसायची जागा, मग अंधार, मग आवाज आणि प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी, हा माझा क्रम आहे आणि तो मी कुणासाठीही बदलत नाही.

टेप न लावता प्रोजेक्टर घेणं

माझा मेहुणा सिंहगड रोडला राहतो. खोली १० बाय ११ फुटांची. दिवाळीच्या सेलमध्ये त्याने एका रात्रीत प्रोजेक्टर घेतला आणि सोबत १२० इंची, बटण दाबलं की खाली येणारा पडदाही. पाडव्याला आम्ही जेवायला गेलो तर हा माणूस खुर्चीवर उभा, हातात प्रोजेक्टर आणि पडद्याच्या मधोमध छोटंसं चित्र. दोन्ही बाजूंना हातभर कोरा पांढरा पट्टा.

"दाजी, चित्र मोठंच होत नाहीये. झूम कुठंय याचा?"

झूम नव्हता. त्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ होता. म्हणजे लेन्स पडद्यापासून जितकी लांब, त्या अंतराला १.५ ने भागलं की चित्राची रुंदी मिळते. मागची फळी, प्रोजेक्टरची जाडी, वायरी वाकायला लागणारी जागा हे सगळं वजा जाता लेन्सला मिळत होते साडेनऊ फूट. भागिले १.५, म्हणजे जेमतेम ७६ इंच रुंदी. १२० इंची पडदा रुंदीला साधारण १०५ इंच असतो. खोक्यावर जो आकडा लिहिलेला असतो तो कर्णाचा असतो, रुंदीचा नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग त्याने प्रोजेक्टर दाराबाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवला. चित्र मोठं झालं, पण दार उघडं राहिलं. स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट थेट पडद्यावर यायला लागला आणि बाथरूमला जाणाऱ्या प्रत्येकाची सावली सिनेमात. दोन महिन्यांनी तो पडदा त्याने निम्म्या किमतीत विकला. एका रविवारी पंधरा मिनिटं टेप धरली असती तर यातलं काहीही घडलं नसतं. घाईने होणारं हे नुकसान बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे घामाचे असतात.

माझी सवय अशी आहे. खरेदीचा विषय निघायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं आणि मास्किंग टेप घ्यायची. ज्या भिंतीवर पडदा हवा तिथे पाहिजे त्या आकाराचा चौकोन पेपरांनी भरून काढायचा. १०० इंची हवा असेल तर ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच. समोर सोफा येणार तिथे प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायची आणि तीन-चार संध्याकाळ तिथे बसून चहा प्यायचा. चित्राच्या दोन्ही कडा बघायला मान फिरवावी लागतेय का? नजर वर धरावी लागतेय का? कर्णाच्या सव्वा ते दीड पट अंतरावर डोळे असले की बघायला निवांत वाटतं, असा माझा अनुभव. १०० इंचांना म्हणजे दहा ते साडेबारा फूट. आपल्याकडच्या खोलीत सोफ्याची पाठ आणि भिंत सोडून डोळे पडद्यापासून नऊ फुटांवर येतात. तेव्हा ८५ इंच पुरे. पेपर लावून बसल्यावर हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. चौकोन नक्की झाला की थ्रो रेशोचं गणित उलट करा: रुंदी गुणिले रेशो म्हणजे लेन्सचं अंतर. ते खोलीत बसत असेल तरच त्या प्रोजेक्टरचं नाव काढा.

आणि प्रोजेक्टर एका कडेला ठेवून कीस्टोनने, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सोयीने, चित्र सरळ करून घेऊ, असं कृपया म्हणू नका. ते मशीन चित्र सरळ करताना तुमचेच पिक्सेल खातं. अक्षरांच्या कडा लगेच मऊ पडतात.

ल्युमेनच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या मापाच्या, आकड्यांबद्दलही इथेच सांगतो. स्वस्त प्रोजेक्टरवर नऊ हजार, बारा हजार असे आकडे छापलेले असतात. ते बाजूला ठेवा आणि आन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती ते विचारा. सिनेमागृहातल्या फिल्मच्या पडद्यासाठी १६ फूट-लॅम्बर्ट उजेड (साध्या मॅट पडद्यावर दर चौरस फुटाला १६ ल्युमेन) हे जुनं प्रमाण आहे. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. म्हणजे साध्या मॅट पडद्यावर, पूर्ण अंधारात, ५०० खरे आन्सी ल्युमेन लागतात. वापराने दिवा मंदावतो, सिनेमा मोडमध्ये उजेड घटतो, म्हणून मी दुप्पट धरतो. हजार खरे ल्युमेन अंधाऱ्या खोलीत देखणे दिसतात. आणि खोलीत उजेड येत असेल तर तीन हजारही फिके पडतात. "फोर-के सपोर्ट" म्हणजे फोर-के प्रोजेक्टर नव्हे. नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे खरे पिक्सेल किती, ते विचारा. दुकानदार विषय बदलायला लागला तर उठा.

फोम चिकटवला की आवाज थांबतो, हा समज

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर आमची खोली तयार झाली तेव्हा मी मोठ्या हौसेने तीन भिंतींवर त्रिकोणी दातांचा काळा फोम लावला. आत टाळी वाजवली की एकदम कोरडी यायची. वाटलं, काम फत्ते. दुसऱ्याच शनिवारी रात्री साडेदहाला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, रिटायर्ड, अत्यंत सौम्य माणूस.

"आवाजाचं काही नाही हो," ते म्हणाले, "पण आमचा पलंग थरथरतोय. हिला झोप लागत नाही."

मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. बायकोला फोन करून म्हटलं, तोच प्रसंग पुन्हा लाव. त्यांच्या बेडरूममध्ये संवाद एक शब्दही ऐकू येत नव्हता, संगीतही नाही. पण पलंगाच्या कठड्यावर हात ठेवला तर बोटांना धक्के जाणवत होते. आणि स्वयंपाकघरात भांड्यांच्या रॅकवर एका वाटीत दुसरी वाटी ठेवली होती, ती दर धक्क्याला किणकिणत होती. ती किणकिण अजून माझ्या कानात आहे. एखाद्याच्या घरात आपण रोज रात्री हे करत होतो, याची मला फार लाज वाटली.

झालं काय होतं, तर वूफर, म्हणजे बेसचा (खालच्या पट्टीतल्या आवाजाचा) स्पीकर, थेट फरशीवर, तोही कोपऱ्यात. कोपऱ्यात बेस फुगतो आणि वूफरचे पाय तो सरळ स्लॅबमध्ये उतरवतात. ५० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी सात मीटरच्या आसपास असते. इंचभर फोमला ती लाट जुमानत नाही. फोम खोलीतला वरच्या पट्टीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जायचा थांबवत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये तर वजनही नाही. शिवाय असा साधा फोम भरभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वायरींच्या खोलीत तो भिंतींना लावणं मला आता अजिबात मान्य नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात सगळा उतरवला.

मग केलं ते असं. व्यायामशाळेत वापरतात तसली जाड रबरी चटई, तिच्यावर दोन फुटी कडप्प्याचा तुकडा, त्यावर वूफर. जड दगड आणि खाली रबर, त्यामुळे धक्का स्लॅबपर्यंत पोचताना बराच मरतो. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढला आणि त्याची पातळी उतरवली. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद केली. बोटभर फटीतून जितका आवाज जातो, तितका अख्ख्या भिंतीतून जात नाही. रात्री दहानंतर अॅम्प्लिफायर नाइट मोडवर, म्हणजे मोठे आवाज दबतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण नियमाच्याही आधी खालच्या माणसाची झोप आहे. सगळं झाल्यावर मी पुन्हा खाली जाऊन वाटी बघितली. गप्प होती. आता कुणाचीही खोली झाली की मी आधी खालच्या घरी जाऊन ऐकतो, मगच वर पेढे.

खोलीतला घुमारा मात्र कमी करायलाच हवा. त्याला जाड सतरंजी, पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट आणि बाजूच्या भिंतींवर कापड ताणलेल्या लाकडी चौकटी, आत दोन इंची रॉकवूल. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. चौकटींची पट्टी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वस्त मिळते.

वूफरची जागा शोधायला सोपा उपाय आहे. वूफर सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा, एखादं बेस असलेलं गाणं लावा आणि खोलीभर गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे बेस सारखा आणि स्वच्छ ऐकू येतो तीच त्याची जागा. निवड असेल तर चौरस खोली टाळा. १० बाय १० मध्ये लांबी आणि रुंदी दोन्ही ५६ हर्ट्झच्या आसपास एकाच सुरात घुमतात.

पांढरं छत

पुण्यातल्या प्रभात, विजय, अलका, नीलायम या चित्रपटगृहांत आपण जे अनुभवलं त्यात निम्मा वाटा अंधाराचा होता. लोक खिडकीला काळा पडदा लावतात आणि छत पांढरं शुभ्र ठेवतात. मग चित्राच्या पडद्यावरचाच उजेड छतावरून परत त्याच पडद्यावर येतो आणि रात्रीचे प्रसंग राखाडी दिसतात. पडद्याजवळचं निदान चार-पाच फूट छत आणि तेवढ्याच बाजूच्या भिंती गडद मॅट रंगात रंगवा. चमक असलेला रंग नको. प्रोजेक्टर बदलण्याआधी हा डबाभर रंग लावा, फरक बघून थक्क व्हाल.

पडदा न घेता भिंतीवरच चित्र पाडणार असाल तर रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरा. गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावली टाकेल. आधी पुट्टी, मग घासकाम, मग मॅट पांढरा.

वायरी

भिंतीत पाऊण इंची पाइप टाकून वर प्लॅस्टर केलेलं मी तीनदा पाहिलं. त्यातून एचडीएमआयचं डोकं जात नाही. दीड ते दोन इंची पाइप, काटकोनातले एल्बो नकोत, आणि आत एक ओढतार कायमची सोडून ठेवा. फोर-केला पाच-सात मीटरच्या पुढे साधी केबल दगा देते, तिथे ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी लागते. ती एकाच दिशेने चालते. टोकांवर सोर्स आणि डिस्प्ले लिहिलेलं असतं. एका मित्राकडे ती उलटी घातली गेली आणि वरून रंगही झाला. केबल जमिनीवर पसरून, दोन्हीकडे जोडून, चित्र बघून मगच पाइपमध्ये घाला. केबल आणायला पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारात गेलात तर ओढतार त्याच खेपेत आणा.

स्पीकरमधून सतत हूं आवाज येत असेल तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या आणि टीव्हीची केबल काढून बघा. बऱ्याचदा हूं तिच्यामुळेच असतो. प्लगची अर्थिंगची पिन कापून हूं घालवणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. जुन्या पेठांतल्या वाड्यांत आधी अर्थिंग आहे का तेच तपासा.

बाकीच्या चुका

सेलमधलं सात स्पीकरचं खोकं घेण्यापेक्षा दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर आणि एखादा जुना पण नीट चालणारा अॅम्प्लिफायर घ्या. पुढे भर घालता येते.

पुढचे स्पीकर बसणाऱ्याच्या सरळ रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, मागचे ११० ते १२० अंशांवर. माळ्यावर नाही, कानाच्या उंचीला.

प्रोजेक्टरला चारी बाजूंनी प्लायची पेटी करू नका, तो श्वास घेतो. बंद खोलीत पाच माणसं आणि गरम यंत्र, तेव्हा हवा बाहेर जायची सोय आधी करा.

दिवा असलेला प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस हवाच. वीज गेल्यावर पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो.

राहिली ओल. पडद्याची भिंत बाहेरच्या बाजूची असेल, त्यातही पश्चिमेची, तर एक पावसाळा थांबा. ऑगस्टमध्ये सकाळी उघड्या भिंतीवर तळहात टेकवून बघा. गार, दमट लागली किंवा रंगाला फुगे आले असतील तर पैसे आधी बाहेरच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगवर जाऊ द्या. मला विचाराल तर पडदा आतल्या भिंतीवरच न्या. पावसाळ्यात प्रोजेक्टर आठवड्यातून एकदा तासभर तरी चालवा, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते. आणि दहा दिवस गावाला जाणार असाल तर तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा.