चाकणला इंटरव्ह्यू आहे? मग गेटपासूनच तयारीत रहा

डिप्लोमा नायतर आयटीआय करून लातूर, बीड, नांदेडकडची पोरं चाकणला इंटरव्ह्यूला येतात, कामाची असतात पण पहिल्या पाच मिनिटात अशी बिचकतात की समोरच्याला वाटतं याला काहीच येत नाही. मी क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या डिपार्टमेंटला आहे, आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो आणि चांगलं पोरगं असं हातचं गेलेलं बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी रस्ता. पत्त्यात नुसतं चाकण एमआयडीसी लिहिलंय म्हणून चाकण गावात उतरू नका. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशी ती लांबवर पसरलीये, आदल्या दिवशी एचआरला फोन करून गेटचं लोकेशन मागून घ्या, कुणी रागवत नाही. पुण्याहून येताना नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत यायचं आणि पुढं चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर अडकले की तास कसा जातो कळत नाही. दहाची वेळ असेल तर साडेनऊला गेटवर पाहिजे, घाम पुसायला आणि पाणी प्यायला तेवढा वेळ लागतोच.

गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतात, आधार कार्ड बघतात, बऱ्याच ठिकाणी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर पण लावतात. हुज्जत घालू नका, गार्डला काका म्हणा, पेन स्वतःचा ठेवा. कपड्यांचं जास्त टेन्शन नको, इस्त्रीचा साधा शर्ट आणि बूट. चप्पल सँडल मात्र नकोच, शॉपवर, म्हणजे आत मशीन चालतात तिथं, न्यायचं ठरलं तर तिथंच अडवतील.

आणि शॉपवर नेलं तर खालचे पट्टे बघा. चालायची वाट पट्ट्यांनी आखलेली असते, तिच्या आतूनच चालायचं, फोन खिशात, कुठल्याही पार्टला न विचारता हात लावायचा नाही. प्रॉडक्शनवाले हे बघतातच, कारण उद्या तुम्हाला मशीनवर उभं करायचंय आणि तुम्ही स्वतःचा हात सांभाळाल का हीच त्यांना पहिली काळजी असते.

हातात व्हर्नियर, म्हणजे पार्टचं माप घ्यायचं साधन, दिला तर लगेच माप घ्यायची घाई करू नका. आधी जॉ, म्हणजे पार्ट पकडणारे जबडे, पुसा, बंद करा, झिरो जुळतोय का बघा, नसेल जुळत तर तसं बोलून दाखवा आणि मग माप घ्या. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, बहुतेक 0.02 मिमी असतो, मायक्रोमीटरचा 0.01, तरी हातातल्यावर काय छापलंय ते वाचूनच सांगा. मला विचाराल तर सगळ्या सर्टिफिकेटांपेक्षा मी हे झिरो बघणं जास्त धरतो, कारण त्यावरून पोरानं लॅबमध्ये खरंच हात घातलाय की नुसतं जर्नल उतरवलंय ते लगेच कळतं.

टेल मी अबाउट युवरसेल्फ विचारतीलच. पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडकतं आणि मग सगळंच अडकतं, त्यापेक्षा "सर, मराठीत बोललं तर चालेल का" असं सरळ विचारा, चाकणला बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात, नाहीतर हिंदी आहेच. गाव, शिक्षण आणि प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलं ते सांगा. चौघांचा प्रोजेक्ट असेल आणि तुम्ही फक्त वेल्डिंग केलं असेल तर वेल्डिंगच सांगा, कारण पुढचे प्रश्न त्याच्यावरच येणार. वडील शेती करतात हे सांगताना मान खाली घालू नका रे, घरी मोटर, पंप, ट्रॅक्टर दुरुस्त करत असाल तर ते तर आवर्जून सांगा. एखादं नाही आलं तर "हे मला माहीत नाही सर" म्हणा आणि थांबा, ठोकून दिलेलं उत्तर आम्हाला लगेच कळतं.

निघताना व्हिजिटर पासवर ज्यांना भेटलात त्यांची सही घ्या, ती नसली तर गार्ड गेटवरून परत आत पाठवतो.