युद्धनौकांची शिक्केदार पाकिटं कशी जमवावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून फौजेत आणि नौदलात गेलेली माणसं पुष्कळ. त्यांनी जहाजावरून घरी धाडलेली, टपालाचा शिक्का बसलेली पाकिटं अजून घरोघरी असू शकतात. म्हणून लिलावात पैसे घालण्याआधी ओळखीच्या घरांतल्या जुन्या ट्रंका बघाव्यात. आतलं पत्र घरच्यांचंच राहू द्या, फक्त त्यातली तारीख आणि जहाजाचं नाव टिपून घ्या. पाकीट मिळालं की तिकीट भिजवून सोडवायचं नाही, कोपरा कापायचा नाही. शिक्का, तिकीट, पत्ता एकत्र असतील तरच त्या पाकिटाला पुराव्याची किंमत.

अमेरिकी जहाजांवर 1908 पासून टपालघरं होती. त्यांच्या शिक्क्यातच बहुधा जहाजाचं नाव असतं आणि कधी शिक्क्याच्या आडव्या पट्ट्यांमध्ये बंदराचंही. आपल्या नौदलाच्या पाकिटावर मात्र तसं नाव शोधत बसू नका. टपाल फ्लीट मेल ऑफिसमार्फत, म्हणजे नौदलाच्या किनाऱ्यावरच्या टपाल कार्यालयातून जायचं, त्यामुळे जहाज कळतं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून किंवा कार्यालयाच्या रबरी शिक्क्यावरून. पाकिटाची मागची बाजूही भिंगाखाली बघा.

मग तारीख ताडून पाहा. पहिली ‘विक्रांत’ 4 मार्च 1961 ते 31 जानेवारी 1997 सेवेत होती, नवी 2 सप्टेंबर 2022 ला आली. ‘म्हैसूर’ही दोन: क्रूझर 1957 ची, 1985 मध्ये निवृत्त झालेली; विनाशिका 1999 ची. 1990 च्या तारखेवर ‘म्हैसूर’ दिसली, तर जहाजाचा शिक्का मागाहून मारलेला असण्याचा संशय घ्यावा. तिकीट टपालाच्या शिक्क्यानंतर निघालेलं असेल तर पाकीट सरळ परत करावं.

शिक्का मारून घेण्यासाठी स्वतः पाकीट तयार करताना आत पोस्टकार्डाएवढा जाड कागद घाला. नाहीतर शिक्का पाकिटाच्या जोडावर अडकून अर्धाच उमटतो. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपल’ युद्धनौकेचं संग्रहालय आहे. ते बघून तिथून टाकलेल्या पाकिटावर कारवार पोस्टाचा शिक्का बसेल, नौदलाचा नव्हे. आठवण म्हणून ते छानच, पण संग्रहात वेगळं ठेवा.

आपल्याकडचा पावसाळा या पाकिटांचा खरा वैरी. दमटपणानं डिंक सुटतो, तांबूस डाग पडतात, कसर लागते. पॉलिएस्टरच्या पारदर्शक खोळी घ्या. पीव्हीसीच्या खोळीला शाई चिकटते. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर नकोच. खोळी उभ्या, सैल ठेवा, डबा बाहेरच्या भिंतीपासून लांब, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नोंद खोळीतल्या वेगळ्या चिठ्ठीवर, मऊ पेन्सिलीनं: जहाज, तारीख, कुठून मिळालं.