नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तर काय तपासायचं?

पंखे फिरतायत, कार्डवरचा दिवा लागलाय आणि मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. अशा वेळी कार्ड घेऊन दुकान गाठण्याआधी तासभर शांतपणे तपासणी करा. नवं कोरं कार्ड खराब निघू शकतं, पण ते शेवटचं कारण धरायचं. त्याआधी केबल, वीज, स्लॉट (कार्ड बसतं ती मदरबोर्डवरची खाच) आणि बायोस (पीसी सुरू करणारं, मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) या चार जागा पाहून घ्यायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पीसी सुरू करून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर चित्र येईलही, पण दोष नेमका कुठे होता ते कळणार नाही.

आधी ओळखा: पीसी बंद आहे की फक्त चित्र येत नाही?

पीसी सुरू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरची नम लॉक दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम काम करतायत, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचत नाहीये. मग थेट केबलकडे वळा.

नम लॉक दाद देत नसेल तर मदरबोर्डवर चार बारीक दिवे शोधा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्क). एमएसआयच्या बोर्डांवर त्यांना ईझी डीबग म्हणतात, आसुसच्या बोर्डांवर क्यू-एलईडी. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे. व्हीजीए असेल तर कार्ड, त्याची वीज किंवा स्लॉट पाहा. डीरॅम असेल तर कार्ड बसवताना हाताचा धक्का लागून रॅम सैल झालेली असू शकते, आणि असं बरेचदा होतं. रॅम काढा, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देत खटका ऐकू येईपर्यंत पुन्हा बसवा. डीडीआर५ रॅमचे बोर्ड बायोस रीसेट झाल्यावर पहिल्या वेळी काही मिनिटं काळेच राहू शकतात, म्हणून घाईने पॉवर बटण दाबू नका.

केबल कुठे लावली आहे?

मॉनिटरची केबल जुन्या सवयीने मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाते. ती कार्डच्या पोर्टमध्ये हवी. कॅबिनेटच्या मागे उभे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे आणि त्याखाली आडव्या ओळीत असतात ते कार्डचे. नव्या कार्डाच्या पोर्टवर काळी टोपणं असतात, ती काढा. मॉनिटरच्या मेनूत इनपुट 'ऑटो'वर न ठेवता हाताने निवडा. पीसी सुरू होताना मॉनिटर झोपेत असेल तर काही मॉडेल सिग्नल पकडत नाहीत, म्हणून मॉनिटर आधी चालू करा.

खरी गडबड कन्व्हर्टरमुळे होते. आपल्याकडे निळ्या व्हीजीए केबलचे मॉनिटर अजून घरोघरी आहेत. जीटीएक्स १००० मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डातून ॲनालॉग सिग्नल बाहेरच पडत नाही. त्यामुळे डीव्हीआयचं व्हीजीए करणारी साधी पांढरी टोपी आता कामाची नाही. आत चिप असलेला, एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. तसंच, एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी तयार केबल सहसा एकाच दिशेने चालते: कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलटी लावली की स्क्रीन काळी. शक्य असेल तर तपासणीपुरती साधी एचडीएमआय केबल आणि घरातला टीव्ही वापरा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

वीज

पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्डाला हात लावा.

कार्ड बसतं त्या पीसीआयई स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वरून केबल द्यावीच लागते: ६ पिनची ७५ वॅटची, ८ पिनची १५० वॅटची. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटचं असल्यामुळे स्लॉटवरच भागतं, तर आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि बहुतेक मॉडेलना एक ८ पिन. ही जोडणी विसरली तर पंखे फिरू शकतात, पण चित्र येत नाही. खूप कार्डांवर जोडणीशेजारी लाल दिवा लागतो, तो याचाच इशारा.

एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) ८ पिनच्या दोन वेगळ्या केबल येतात आणि गफलत इथेच होते. ६ आणि २ अशी फुटणारी ती ग्राफिक्स कार्डची. ४ आणि ४ अशी फुटणारी ती प्रोसेसरची, तिचा आकार आणि तारांची मांडणी वेगळी. बसत नसेल तर जोर लावू नका. दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर (काढता-घालता येणारी) केबल तर कधीच वापरू नका. कार्डाकडचं टोक सारखं दिसतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असते आणि चुकीची केबल कार्ड, बोर्ड, डिस्क काहीही जाळू शकते. डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलवरून ६ पिन करणारा स्वस्त जोड घेणंही टाळा. साटाच्या टोकाची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट, त्यावर ७५ वॅटचा भार टाकला की प्लॅस्टिक वितळतं.

बारीक १६ पिनची नवी जोडणी असेल तर ती शेवटपर्यंत आत गेली आहे का, हे टॉर्च मारून पाहा. कडेला फट दिसता कामा नये. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या जोडण्या वितळल्याचे प्रकार गाजले, त्यामागे अर्धवट बसलेली जोडणी हे एक कारण होतं. त्यानंतरच्या १२व्ही-२×६ रचनेत सेन्स पिना (जोडणी ओळखणाऱ्या बारीक पिना) आखूड केल्या. जोडणी अर्धवट असेल तर आता कार्ड वीजच घेत नाही.

एसएमपीएसच्या वॅटेजबद्दल एवढंच: डब्यावरचा मोठा आकडा न पाहता लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना पाहा. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅट घेतं. तरीही कमजोर एसएमपीएस सहसा गेम सुरू झाल्यावर पीसी बंद पाडतो. सुरुवातीपासून स्क्रीन काळी असेल तर आधी जोडणीवर संशय घ्या.

स्लॉट

कार्ड काढून पुन्हा बसवा. सोनेरी पट्टीवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढायचं राहिलं नाही ना, हे पाहा. बसवल्यावर बाजूने डोळा लावा: सोनेरी कड सगळीकडे सारखी आत गेलेली दिसली पाहिजे. पुष्कळदा कार्डाच्या धातूच्या पट्टीचं खालचं टोक कॅबिनेटच्या कडेवर अडतं आणि स्क्रू घट्ट केला की दुसरं टोक वर उचललं जातं. स्क्रू सैल करा, कार्ड दाबा, खटका ऐका, मग स्क्रू आवळा. संपर्कावर डाग असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर वापरलाच तर मऊ घ्या आणि कण झटकून टाका.

कार्ड प्रोसेसरजवळच्या पहिल्या लांब स्लॉटमध्येच हवं. रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणारी पट्टी) लावून उभं बसवलं असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डावर लावून पाहा. तिसऱ्या पिढीची रायझर आणि चौथ्या पिढीचं कार्ड हे जोडपं बरेचदा जुळत नाही. रायझर ठेवायचीच असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन ३ (तिसरी पिढी) करा.

बायोस

आता जुनं कार्ड परत लावा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर मॉनिटर जोडा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यांच्यात आणि रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे तिथून चित्र येण्याची वाट पाहू नका.

चित्र आलं की बायोसमध्ये जाऊन 'प्रायमरी डिस्प्ले' पाहा. आयजीडी किंवा इंटर्नल (अंगभूत ग्राफिक्स) असेल तर पीईजी किंवा पीसीआयई (कार्ड) करा. मग बायोसचं नवीन व्हर्जन आहे का, हे बोर्डच्या कंपनीच्या साइटवर पाहून अपडेट करा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर काहीही बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

त्यानंतर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीची कार्डं आणि डिस्क चालाव्यात म्हणून बायोसमध्ये असलेली सोय. नवी कार्डं यूईएफआयवर (बायोसच्या नव्या पद्धतीवर) बेतलेली असतात, जुनी कार्डं सीएसएम बंद असलेल्या बोर्डावर चित्र देत नाहीत. दोन्हीकडून काळी स्क्रीन मिळू शकते. सीएसएम बंद करण्याआधी विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते वाचा. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क आधी जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागेल, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. आरटीएक्स ५०६० मालिकेत काही बोर्डांवर रीबूटनंतर काळी स्क्रीन येत होती, त्यासाठी एनव्हिडियाने २०२५ मध्ये फर्मवेअरचं (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट दिलं. सेकंडहँड जीटीएक्स ९०० किंवा १००० मालिकेचं कार्ड घेतलं असेल आणि डिस्प्लेपोर्टवर विंडोज येईपर्यंत स्क्रीन काळी राहत असेल, तर त्यासाठीही कंपनीचं वेगळं अपडेट आहे. ते होईपर्यंत एचडीएमआय वापरा.

बायोसमध्ये जाताच येत नसेल तर प्लग काढून बोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळ पदावर येतील.

विंडोजचा लोगो दिसून मग काळं झालं तर

हा ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या विंडोजमधल्या सॉफ्टवेअरचा) दोष असू शकतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर पुसा आणि नवा टाका. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेला असाल तर हे कराच.

तरीही काहीच नाही

कार्ड ओळखीच्या कोणाच्या पुरेशा एसएमपीएसच्या पीसीत लावून पाहा. तिथेही काळं असेल तर कार्ड परत करा, चालत असेल तर तुमचा बोर्ड किंवा एसएमपीएस तपासा. परत करताना बिल, खोका आणि सीरियल नंबरचा फोटो बरोबर न्या, कार्डावरचं वॉरंटीचं स्टिकर फाडू नका, आणि कोणत्या बोर्डावर, कोणत्या बायोस व्हर्जनवर काय दिसलं ते दुकानदाराला लिहून द्या.