व्हिडिओत आवाज हळूहळू पुढे जातो? माझा अनुभव

आईच्या एकसष्टीचा फोनवर काढलेला ४० मिनिटांचा व्हिडिओ. एडिट करून एन्कोड केला (म्हणजे अंतिम व्हिडिओ फाइल बनवली) की सुरुवात नीट, शेवटी आवाज दोन सेकंद पुढे. प्लेअर बदलला, ऑडिओ सरकवला. सुरुवात जुळली की शेवट बिघडे. दोन रात्री जीव मेटाकुटीला आला.

फरक वाढत जात होता, म्हणजे दोष बहुधा फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्याचा. (कायम तेवढाच असता तर ऑडिओ सरकवणं पुरलं असतं.) फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो अ‍ॅपमध्ये 'फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल' (बदलता) दिसलं. फोन फ्रेम कमीजास्त करतो, माझा एडिटर एकच वेग धरून चालत होता.

मूळ फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. व्हिडिओ टॅबवर फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स'ऐवजी ३०, त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', क्वालिटी आरएफ १८ (आकडा लहान तितका दर्जा चांगला). एन्कोड झालेली फाइल एडिटरमध्ये घेतली, टाइमलाइनही ३० वर ठेवली. शेवटच्या औक्षणापर्यंत ओठ आणि आवाज जुळले.