कुत्र्यानं मनुके खाल्ले? मिठाचं पाणी आधी खाली ठेवा

तोंडात उरलंय ते बोटानं काढा. पुडी उचला, पण फेकू नका.

मग कागदावर लिहा: काय खाल्लं, किती, कधी, आणि कुत्र्याचं वजन किती. वजन माहीत नसेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा.

आता डॉक्टरांना फोन. शेजाऱ्यांना नाही. 'मिठाचं पाणी पाज, ओकेल' हा सल्ला देणारा प्रत्येक गल्लीत असतो, आणि एकदा मी तो ऐकलाही. शिऱ्यासाठी काढलेले मनुके आमच्या कुत्र्यानं, गुंड्यानं, ओट्यावरून लंपास केले, मी घाबरून वाटीभर मीठपाणी त्याच्या घशात ओतलं. तो ओकला नाहीच. डॉक्टरांना मात्र मनुक्यांबरोबर माझ्या मिठाचीही काळजी करत बसावं लागलं. रक्तात सोडियम चढलं की झटके येतात, जीवही जातो. दूध-तूप पाजूनही विष उतरत नाही.

उलटी डॉक्टरांनीच इंजेक्शन देऊन काढायची, तीही शक्यतो पहिल्या दोन तासांत. कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा रॉकेल, अ‍ॅसिड असलं काही प्यायला असेल तर उलटी काढायचीच नसते. वर येताना ते पुन्हा घसा जाळतं, फुफ्फुसात जातं.

'किती' सांगताना हात आखडू नका. मी फोनवर 'पाच-सहा' म्हणालो होतो. इंजेक्शननंतर डॉक्टरांनी ओकलेल्यातले मनुके मोजले, एकोणीस निघाले! द्राक्षं-मनुक्यांचं सुरक्षित प्रमाण ठरलेलंच नाही. एखादा मूठभर खाऊन हुंदडतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशानंही एक ते तीन दिवसांत बंद पडतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, ते चिंचेतही असतं, म्हणून मी चिंचेचा कोळही गुंड्याच्या वाऱ्याला उभा राहू देत नाही. 'आमच्याला कधी काही झालं नाही' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

कांद्याचं उलटं, त्याचं प्रमाण माहीत आहे. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम पोटात गेला की तांबड्या पेशी फुटायला लागतात, पण कुत्रा मलूल दिसतो तो काही दिवसांनी. शिजवलेला कांदाही तेवढाच वाईट, लसूण त्याहून जहाल. चॉकलेट जितकं काळं तितकं घातक. झायलिटॉल असलेल्या शुगर-फ्री च्युइंगगमनं अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. तिथे फोन रिक्षात बसून करा.

झाड चघळलं असेल तर फांदी बरोबर न्या. कण्हेर आणि बिट्टी हृदयावर जातात, सायकस यकृतावर, आणि त्याच्या बिया सगळ्यात वाईट. घरात कुत्रा असेल तर कुंपणाला कण्हेर लावूच नये, फुलं कितीही छान येवोत.

रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना आजच शोधून ठेवा. आमचे मनुके रविवारी रात्री साडेदहाला खाल्ले गेले होते.